शिरसागर, अच्युत

ॲक्रनच्या कोर्टात खिडकीमागच्या बाई म्हणाल्या,
ह्या नावाचा माणूस आमच्याकडे कधी बुडालेला नाही.

मी पुन्हा सांगितलं, नाव अक्षर अक्षर फोडून.
के. एस. एच.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
बराच वेळ पडद्याकडे पाहिलं,
मग स्वतःहूनच पहिलं अक्षर गाळून बघितलं.
सापडले.
शिरसागर, अच्युत. एकोणीसशे ब्याण्णव.
'क्ष'मधला 'क' कुणीतरी तेव्हाच जप्त केला होता.

इतकी जुनी फाइल इथे नसते, बाई म्हणाल्या,
ती मिझुरीत, जमिनीखाली, चुनखडीच्या जुन्या खाणीत.
तिथे ऊन नाही, ओल नाही, उंदीर नाहीत.
चिठ्ठीवर तीन आकडे लिहून दिले:
खटल्याचा, गठ्ठ्याचा, खोक्याचा.
एक जरी चुकला
तर दुसऱ्याच कुणाचं दिवाळं घरी येईल.
मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आमच्या घरात तो शब्द नव्हता.
आई म्हणायची, 'ते दुकानाचं झालं तेव्हा',
जसा काही दुकानाला गोवर आला होता.
व्हिडिओ कॅसेटचं दुकान, लाँड्रोमॅटच्या शेजारी.
कपडे वाळेपर्यंत लोक आत येऊन ऊब घेत
आणि दुसरं काहीच न घेता जात.
टायरच्या कारखान्यातून बाबांना काढलं, त्या पैशावर उभं केलेलं.
अडीच वर्षं चाललं.

बाबा आता नाहीत. आणि गेल्या महिन्यात
आईला वसुलीवाल्या कंपनीचं पत्र आलं,
मेलेल्या देण्यावर तीस वर्षांचं व्याज लावून.
सुटकेच्या हुकुमाची प्रत दाखवा, नाहीतर भरा.
ऐंशी वर्षांच्या बाईनं ते तांदळाच्या डब्यात लपवलं
आणि भाताच्या मापाबरोबर माझ्या हाती आलं.

म्हणून अर्ज. चेक. सहा आठवडे.

पाकीट जाड निघालं. हुकूम एकच पान,
तो बाजूला काढला. बाकीचं वाचायची गरज नव्हती.

मालमत्ता, बाबांच्या अक्षरात:
सोफा, चाळीस डॉलर.
कॅसेटी, अकराशे बारा, भिजलेल्या धरून.
लग्नातली अंगठी. पुढे किंमत लिहून खोडलेली,
परत लिहिलेली, कमी.
कुकर, शिट्टी वाजत नाही, तीन डॉलर.

मग घेणेकरी. बँक, बँकेची कार्डं, वीज, दातांचे डॉक्टर.
आणि सगळ्यात शेवटी, निराळ्या शाईत,
रघुवीर टिपणीस, क्लीव्हलंड. नऊशे. हातउसने. कागद नाही.

कागद नाही! कोर्टाला कुठून कळणार होतं?
तरी बाबांनी लिहिलं, शपथेवर,
आणि कोर्टानं बाकीच्यांबरोबर तेही पुसून टाकलं.

टिपणीसकाका.
म्हणजे महिन्याचा पहिला शनिवार,
पोस्टाची रांग, माझ्या मुठीत बाबांचं बोट,
पंचवीसची मनिऑर्डर,
येताना एक डोनट, त्यातला अर्धा त्यांचा.
मला वाटायचं, आपण कुणाला तरी बक्षीस पाठवतो.

पाकिटाच्या पाठीवर मी भागाकार केला.
छत्तीस महिने.
पण तेव्हा मी तिसरीत होते,
आणि सातवीत माझी उंची बाबांच्या खांद्याला लागली
ती त्याच रांगेत.
म्हणजे व्याजही?
त्याचा खोका कुठल्या खाणीत, कुणाला विचारू?

मिळाला का गं कागद? आईनं आतून विचारलं.
मिळाला म्हटलं.
तिनं डाळ लावली.
शिट्टी वाजत नाही, म्हणून दोघी
घड्याळाकडे बघत बसलो.